मेक्सिकोच्या म्हातारीला आवतण

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला टीव्ही, चुलीचा धूर आणि वाकून करायची कामं बंद केली, आणि तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. एवढं काढून घेतल्यावर बाईने करायचं काय? दिवसभर ओटीवरच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायची. "मना जेलान घातलाय," असं ती दूधवाल्यालासुद्धा सांगायची.

माझं माहेर पूर्णा गावाजवळ. आम्ही आगरी. माझ्या लहानपणी घरासमोर भाताची खाचरं होती, आता तिथे गोडाऊन आहेत आणि त्यांच्या भाड्यावर माझ्या धाकट्या भावाने बंगला बांधलाय. बंगला झकास आहे. हॉलमध्ये आर्किटेक्टच्या सल्ल्याने आजीच्या वेळचं जातं ठेवलंय, त्याच्या तोंडात मनीप्लांट लावलाय आणि वरून पिवळा दिवा सोडलाय. येणारा प्रत्येक पाहुणा त्या जात्यापाशी उभा राहून फोटो काढतो. मी स्वतः लग्न होऊन भिवंडी शहरात राहते आणि तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते.

आई शाळेत गेलेली नाही, पण ती आमच्या गावची धवलारीण आहे. आमच्या लग्नांत भटजी येतो तो नंतर. त्याआधी मांडवात बसून धवले गाणारी बाई लागते, ती धवलारीण. ती गाण्यातून देवांना बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते, जिवंत असून येऊ न शकलेल्यांना बोलावते, आणि मागे बसलेल्या बायका तिची प्रत्येक ओळ उचलतात. कुणाचं नाव राहिलं तर तो रुसतो अशी समजूत. त्यामुळे अख्ख्या गावाच्या घराघरातले मेलेले-जिवंत आईला पाठ. आता लग्नाला डीजे येतो, त्याच्या भिंतीएवढ्या पेट्या येतात, तरी मांडवाच्या दिवशी सगळे आईच्या दारात गाडी पाठवतात.

तर ऑपरेशननंतर मी रोज दुपारी कॉलेज सुटलं की माहेरी जायचे. पहिले काही दिवस आम्ही दोघींनी गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढून संपवली. मग एक दिवस आई म्हणाली, "तुझ्या कालेजान काय शिकवतंस ता तरी सांग."

त्या वर्षी आमच्या अभ्यासक्रमात एक नवी कादंबरी लागली होती. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. परीक्षेत त्यावर ठरलेला प्रश्न असणार: कादंबरीतील प्रतीके आणि कौटुंबिक वारसा. मी दोनदा वाचली होती, बाजारातली गाईडं चाळली होती, पण खरं सांगायचं तर वर्गात नेमकं काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. म्हटलं, आईला सांगून बघू, आपलीही तयारी होईल.

"कुठं आला मेक्सिको?" आईने विचारलं.

"अमेरिकेच्या खाली."

"म्हंजे दुबईच्या म्होरं."

"हो, बरंच म्होरं."

कादंबरीतली नावं काही तिच्या जिभेवर बसेनात. मग तिने सरळ नाती लावून टाकली. एक म्हातारी, तिचा मुलगा, तिची सून आणि नात. बाकीची गर्दी तिने 'भावकी' या शब्दात उरकली. मीही पुस्तक मिटून तसंच सांगायला लागले आणि गंमत म्हणजे गोष्ट सोपी झाली.

म्हातारीचा नवरा गेला, शेत गेलं, तेव्हा ती टोमॅटोच्या ट्रकमध्ये लपून सीमेपलीकडे गेली. बरोबर नेलं काय? तर मिरची वाटायचा दगड. काळा, तीन पायांचा, खोलगट. शालीखाली मांडीवर घेऊन बसली होती. इथे आईने मला थांबवलं. "सोना न्हाय, लुगरा न्हाय, दगर नेला?" मी म्हटलं, हो, दगडच. आई खूश झाली. "शानी बाय हाय," असं म्हणून तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मग रोज तेच. मी चप्पल काढायच्या आत आईचा प्रश्न तयार, "पुढं?" मुलगा स्ट्रॉबेरीच्या शेतावर मजुरी करतो, सून दुसऱ्यांची घरं पुसते, म्हातारी रोज सकाळी त्या दगडात मिरच्या वाटते. नात शाळेत जाते आणि तिच्या कपड्यांना मिरचीचा वास येतो म्हणून तिला लाज वाटते. "तुझ्यासारखीच हाय," आई म्हणाली. "तू सुकटीचा डबा तसाच परत आनायचीस न्हाय का?" वहिनी आतून फिसकन हसली. मी म्हटलं, गोष्ट ऐकायची असेल तर गप्प ऐक, नाहीतर मी चालले.

आईची मतं ठाम असायची आणि पुष्कळदा चुकीचीही. मुलगा दारू पितो असं तिने परस्पर ठरवून टाकलं, पुस्तकात बिचारा थेंबाला शिवत नाही. सुनेवर तर तिचा पहिल्या दिवसापासून राग. मी सुनेची बाजू घेऊन भांडायचे, कारण पुस्तकात ती खरंच चांगली आहे. एकदा तर आमचं इतकं पेटलं की वहिनी चहा घेऊन आली आणि काळजीने विचारायला लागली, "ताई, कुणाच्या घरात एवढं भांडण झालं?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "मेक्सिकोत."

शेवटचा भाग असा आहे. म्हातारीची बहीण मेक्सिकोत वारते, म्हातारी तिच्या मातीला परत जाते आणि तिथेच अडकते. कागदपत्रं नाहीत, ट्रकमध्ये लपायचं वय नाही. इकडे नातीचं लग्न ठरतं. हॉल घेतात, वाजंत्री बोलावतात, आणि मधल्या टेबलावर म्हातारीचा तो काळा दगड ठेवतात. त्यात पांढरी फुलं. पाहुणे वाहवा करतात. पुढच्या हिवाळ्यात म्हातारी तिकडे एकटीच वारते. शेवटच्या पानावर नात त्या दगडात नाक खुपसते आणि तिला मिरचीचा वास येतो. दगड म्हणजे म्हातारी, दगड म्हणजे वारसा, असं गाईडात जाड अक्षरात छापलं होतं. मलाही ते पान फार आवडायचं. वाचताना माझे डोळे भरून यायचे.

आईचे काही भरून आले नाहीत. ती म्हणाली, "लगीन परत सांग."

मी परत सांगितलं. फुलं, वाजंत्री, दगड, फोटो.

"हां," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

थोड्या दिवसांनी माझ्या चुलत भावाच्या मुलाचं लग्न आलं. आईचा काळा चष्मा उतरला होता, डोळे बरे होते. मांडवाच्या दिवशी सकाळी ती नऊवारी नेसून, समोर तांदळाचं ताट घेऊन बसली. मागे आम्ही सगळ्या बायका. मी मागच्या रांगेत होते, खरं तर मोबाईलवर कॉलेजच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत होते. धवले माझ्या कानात लहानपणापासून आहेत. बायकांनी उचललं की मीही तोंड हलवते, ओळ मात्र एकही येत नाही.

आईने आधी गावदेवीला बोलावलं. मग कुळातल्या देवांना. मग चुलत भावाच्या घरातले गेलेले एकेक, आजे, पणजे, लहानपणी गेलेली एक मुलगीसुद्धा. बायका मागून उचलत होत्या. आणि मग त्याच चालीत, त्याच आवाजात आईने गायलं, की दर्याच्या पल्याडची, मेक्सिको मुलखातली, दगडावर मिरची वाटणारी म्हातारी, तू पण ये मांडवाला.

आणि बायकांनी ते उचललं! सवयच ती. साठ-सत्तर बायका मनापासून मेक्सिकोच्या म्हातारीला मांडवात बोलावत होत्या. माझ्या हातातला मोबाईल खाली पडला. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. गाणं संपल्यावर नवऱ्यामुलाच्या आईने मला विचारलं, "ही कुठली ओ म्हातारी? तुमच्या आजोलची काय?" मी कशीबशी मान हलवली.

वहिनी हसत नव्हती. तिने मला हाताला धरून मांडवाबाहेर नेलं, पाण्याच्या टाकीमागे. तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, माझ्या आईचं असंच सुरू झालेलं."

वहिनीचं माहेर वडप्याचं. तिची आई विसरण्याच्या आजाराने गेली. शेवटची वर्षं वहिनीनेच काढली तिची, आळीपाळीने माहेरी जाऊन. पहिल्यांदा ती बाई कधीच्या गेलेल्या शेजारणीला चहाला बोलवायची. सगळे हसायचे. मग टीव्हीतल्या माणसांना जेवायला वाढायची. शेवटी लेकीलाच "तू कोण गं बाय?" म्हणून विचारायला लागली.

"पहिल्यांदा आम्ही पण हसलो होतो, ताई," वहिनी म्हणाली. "आणि घरी काय चाललंय ते तुम्हाला न्हाय ठाव. आई रोज जेवताना भाकरीचा तुकडा बाजूला काढतात. विचारलं तर म्हणतात, म्हातारीचा. परवा मला विचारलं, तिकरं आता थंडी पडली असल ना?"

माझं हसू तिथल्या तिथे गेलं. गोडाऊनकडून एक कंटेनर मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत होता, आणि मी नुसती उभी होते. मला भीती वाटली. आईच्या डोक्यात सगळं गाव आहे, ते जाईल, हा विचार नंतर आला. आधी आला तो एवढाच, की आई मला विचारेल, तू कोण गं बाय?

त्या दिवसापासून मी आईवर पाळत ठेवायला लागले. आणि एकदा शोधायला लागलं की काय, सापडतंच. ती मला मावशीच्या नावाने हाक मारायची. कालवणात दोनदा मीठ घालायची. नवा चष्मा कपाळावर आणि शोध उशीखाली. यातलं मी स्वतः काय काय करते ते मला दिसतच नव्हतं. गेल्या आठवड्यात मी कॉलेजात खडूचा डबा समजून मोबाईलचा चार्जर वर्गात नेला होता, पण ते वेगळं! मी कादंबरी सांगायची बंद केली. आई रोज विचारायची, "आता दुसरी काय शिकवतंस?" मी म्हणायचे, परीक्षा आहेत, वेळ नाही. तिचा चेहरा पडायचा आणि मला अजून वाईट वाटायचं. वाटायचं, मीच हे सगळं तिच्या डोक्यात भरलं.

वहिनीने कल्याणचे एक डॉक्टर शोधले. आईला सांगितलं, डोळ्यांची तपासणी आहे. वहिनी गाडी छान चालवते, भावापेक्षाही चांगली, हे मी त्याच्या तोंडावर सांगते. आई मागे बसली, मी पुढे. वाटभर आम्ही दोघी नको इतकं गोड बोलत होतो.

डॉक्टर तरुण होता, सज्जन होता. त्याने आईला समोर बसवून विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"गुरवार. म्हनून तर या दोघी मासली न खाता निघाल्यान."

"आपले पंतप्रधान कोण आहेत?"

आई त्याच्याकडे पाहत राहिली. "दिवसभर टीवीवर दिसतो, तुना ठाव न्हाय?"

आमच्या जुन्या माणसांत सगळ्यांना अरे-तुरेच असतं, डॉक्टर असो नाहीतर मंत्री. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण डॉक्टरच हसत होता. त्याने तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, रुपया, आणि म्हणाला, लक्षात ठेवा, नंतर विचारीन. मग त्याने घरच्या माणसांबद्दल विचारलं. तिथे तो फसला. आईने आमचं कूळ सुरू केलं ते आजेसासऱ्यापासून, कोण कुणाची, कुठे दिली, कुणाला किती पोरं, कोण कशाने गेलं. डॉक्टरने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी आईनेच त्याला आठवण करून दिली, "आंबा, खुर्ची, रुपया. आता सोड मना. बाहेर ती गनेशपुरीची बाय सकालपासून बसलीय, तिच्या सासऱ्याला उचक्या लागल्यान, त्याला बघ आधी."

डॉक्टर म्हणाला, "आजी, एक शेवटचं. ती मेक्सिकोची म्हातारी कोण?"

आईने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग वहिनीकडे. डोळ्यांच्या तपासणीत कुणी डोळे बघितले नव्हते, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

"ती पुस्तकान हाय," आई डॉक्टरला म्हणाली. "खरी न्हाय. ही शिकवते कालेजान. मना काय येरी समजलास?"

डॉक्टरने आम्हा दोघींना थांबवून सांगितलं, की वयाच्या मानाने आईची स्मरणशक्ती उत्तम आहे, काळजीचं काही नाही, मीठ दोनदा घालणं हा आजार नाही. बाहेर आलो आणि वहिनी पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. मीही रडले. लोक थांबून बघायला लागले, त्यांना वाटलं कुणी गेलं. आमचा जीव भांड्यात पडला होता, तो असा. आई मधे उभी राहून म्हणत होती, "उठा गं. लोकाला वाटल मी मेले."

परतताना कोनगावाच्या पुढे गाड्या तुंबल्या. मेट्रोच्या खांबांमधून कंटेनरची रांग लागलेली, हलायचं नाव नाही. आता मला राग आला. सुटकेनंतर येतो तसा, पोटभर.

"मग ते काय होतं मांडवात?" मी विचारलं. "माहीत होतं ना तुला ती पुस्तकातली आहे? आमचा जीव गेला असता!"

"मंग? पुस्तकानली झाली म्हनून काय झाला?" आई म्हणाली. "नातीचा लगीन झाला. वाजंत्री आनली, हाल घेतला. म्हातारीला आवतन दिला कोनी?"

"अगं, ती येऊच शकत नव्हती. कागद नव्हते तिच्याकडे."

"येना वेगला आन बोलावना वेगला. आपन मेलेल्यांना बोलवतो, ते काय कागद घेऊन येतान? ती तर जिती होती."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दगर ठेवला टेबलावर. फुला घातली. दगराला मांडवान बसवला आन म्हातारीला न्हाय बोलावला. मना झोप न्हाय आली. मंग मीच बोलावला तिला. आपल्या मांडवान काय जागा कमी हाय?"

मी पुढच्या काचेतून कंटेनरची मागची बाजू बघत बसले. ती कादंबरी मी दोनदा वाचली, आईला ते लग्न दोनदा सांगितलं, दर वेळी त्या फुलांच्या दगडापाशी मला सुंदर वाटलं. लेखिकेला तिथे आपल्याला काय दाखवायचं होतं कोण जाणे, कदाचित हेच असेल. पण मला ते दिसलं नव्हतं.

आई तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिने एकदा तोंड उघडलं की सगळं काढते.

"आपल्या हालान पन ठेवलाय ना दगर," ती म्हणाली. "वर दिवा लावलाय."

वहिनीने आरशातून मागे पाहिलं. "आई, ते आर्किटेक्टने... तुम्ही काही बोलला नाहीत तेव्हा."

"मी बोलले काय काढ म्हनून? चांगला दिसतो. माझी सून गुनाची हाय, मना डाक्तरकरं नेते, गारी चालवते. लेक परदेशाची पुस्तका शिकवते. पन दोघींना गाना येतो? न्हाय." तिचा आवाज खाली आला. "मी साऱ्या गावाला बोलवते. मी गेल्यावर मना कोन बोलवील? डीजेवाला?"

पुढची गाडी हलली, मागून हॉर्न वाजायला लागले, पण वहिनी गिअर टाकायचंच विसरली. भाकरीचा तुकडा आणि तिकडची थंडी याचा अर्थ मला तेव्हा लागला. आईचा जीव म्हातारीसाठी तुटत होता, पण एकट्या म्हातारीसाठी नाही. मी मागे वळून तिचा हात धरला. ती म्हणाली, "हात सोर, मान लचकेल."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुपारच्या शाळेत मास्तर बदलला. आई शिकवणार, मी शिकणार. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. आईने तो उचलून बाजूला ठेवला. "मांडवान काय मोबाईलला बसवशील? तोंडान बोल." मी कॉलेजात भल्याभल्या पोरांना गप्प बसवते, पण आईसमोर माझी शेळी व्हायची. चाल चुकायची, नाती चुकायची, आतेसासूच्या जागी मामेसासूला बोलवायचे. आई कपाळावर हात मारायची. वहिनी भाजी निवडायचं निमित्त करून येऊन बसायची आणि आधी तिलाच पाठ व्हायचं, हे अजून वर.

कॉलेजात मी ती कादंबरी शिकवली. गाईडातलं उत्तर लिहून दिलं, कारण पोरांना मार्क हवेत. मग पुस्तक मिटून आईचा प्रश्न विचारला, की दगडाला मांडवात जागा मिळाली, म्हातारीला का नाही? वर्गात बरेच जण यंत्रमाग चालवणाऱ्यांच्या घरचे, उत्तर प्रदेशातून आलेले. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हमारे यहाँ सबसे पहला कार्ड गाँव में दादी को जाता है। सबको पता है वो आ नहीं सकती।" मी म्हटलं, हेच लिही परीक्षेत. ती म्हणाली, मार्क्स मिलेंगे? मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

गेल्या हंगामात माझ्या भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं लग्न झालं. हळदीच्या आधी वहिनीने स्वतःच हॉलमधला मनीप्लांट उपटला आणि दोन माणसं लावून जातं मांडवात आणलं. धुतलं, घासलं, तरी हळद दळताना आधी मातीच बाहेर आली. बायका हसून बेजार. "आर्किटेक्टला लावा ही हळद," कुणीतरी म्हणालं. वहिनीने ती माती झटकून पुन्हा खुंटा धरला. मग पिवळी हळद पडायला लागली.

आई गायला बसली. मला तिने शेजारी बसवलं होतं, पुढच्या रांगेत, मोबाईलशिवाय. देव झाले, कुळातले झाले, माझे वडील झाले. वहिनीच्या आईचं नाव आलं तेव्हा वहिनीने डोळे पुसले. मग आई थांबली. मला वाटलं दम लागला. पण ती ताटातले तांदूळ बोटाने सारखे करत बसली, माझ्याकडे बघेना की गाईना. मागे बायका थांबलेल्या.

मला कळलं. मी सुरू केलं. दर्याच्या पल्याडची, मेक्सिको मुलखातली, दगडावर मिरची वाटणारी म्हातारी, तू पण ये मांडवाला. आवाज फाटला, चाल मधेच भलतीकडे गेली. पण मागून सगळ्या बायकांनी उचललं, आणि वहिनीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

आईने मान वर केली. माझ्या कपाळाला हळदीचं बोट लावलं.

"बेसूर गातंस," ती म्हणाली. "पन बोलव. येईन मी."